तोतया बदकाचं लाकूड

माझ्या कपाटावर एक लाकडी मॅलार्ड बदक आहे. डोकं हिरवं, गळ्यात पांढरा पट्टा, आणि पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक भेग, इतकी रुंद की तिच्यात क्वार्टरचं नाणं उभं राहतं. रंगवून झालं तेव्हा भेग नव्हती. जानेवारीत घरात हीटर सुरू झाला, एका रात्री ‘टक्’ असा आवाज आला, आणि सकाळी बघतो तर थंडीत टाच उलते तशी बदकाची पाठ उललेली. कोरताना मी काही चुकलो नव्हतो. चूक आठ महिने आधीच करून बसलो होतो, लाकूड घरी आणलं त्या दिवशी.

न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस शनिवार-रविवारी लाकडी बदकं कोरतो म्हटलं की गावाकडचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “पण कशाला?” त्याचं उत्तर थोडक्यात देतो आणि लाकडाकडे वळतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

इंग्रजीत याला डिकॉय म्हणतात. शब्दाचं मूळ डच असावं असं मानतात. तिथे ‘कोय’ म्हणजे पिंजरा. मला आपला ‘तोतया’ जास्त आवडतो. पाण्यावर तोतया बदकं तरंगत ठेवायची. वरून उडणाऱ्या थव्याला वाटतं, खाली आपलेच भाऊबंद निवांत बसलेत, म्हणजे भीती नाही. थवा उतरतो आणि लव्हाळ्यात दबा धरून बसलेला शिकारी बंदूक उचलतो. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तित्तरांना बोलावून घेत, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत ही युक्ती मूळ रहिवाशांची. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याच्या काड्या वळून बांधलेली ११ बदकं सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. युरोपातून आलेल्यांनी लव्हाळ्याऐवजी लाकूड घेतलं.

१९व्या शतकात इथे बदकं मारून शहरांच्या बाजारात पाठवण्याचा धंदा तेजीत होता, आणि त्याबरोबर तोतये कोरणाऱ्यांचाही. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने तो बाजार उठला, १९३५मध्ये जिवंत बदकं आमिष म्हणून वापरायलाही बंदी आली. लाकडी बदकं मात्र टिकली, आणि हळूहळू पाण्यातून कपाटावर गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या एल्मर क्रॉवेल यांनी कोरलेली दोन बदकं (खरं तर एक बदक आणि एक हंस) २००७ साली प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकली गेली. ‘कशाला’चं एक उत्तर हे. माझं उत्तर वेगळं आहे, पण माझी बदकं कुणी विकत घेत नसल्यामुळे ते सांगण्यात अर्थ नाही.

सीडर कोणतं?

मी राहतो तिथून तासाभरावर बार्नेगाट नावाची खाडी आहे. या खाडीतले शिकारी ‘स्नीकबॉक्स’ नावाच्या बुटक्या, चपट्या होडीतून फिरायचे. होडी इतकी छोटी की एक माणूस आडवा झाला की भरली. तिच्यातच डझनावारी तोतये न्यायचे, तेव्हा बदक हलकं हवं हे ओघानेच आलं. म्हणून इथली बदकं पोकळ. सीडरच्या दोन फळ्या घ्यायच्या, एकीतून वरची पाठ आणि दुसरीतून खालचं पोट कोरायचं, दोन्ही आतून वाटीसारखे पोखरायचे आणि एकावर एक बसवून टाकायचे. पोटाखाली शिशाचा तुकडा, म्हणजे लाटेवर उलटं होत नाही. टकरटन गावचे हॅरी शोर्ड्स (१८६१–१९२०) यांची या पद्धतीची बदकं आज संग्रहालयांत आहेत. पेशाने ते घरं रंगवणारे. न्हाव्याकडे दाढी होईपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्या ते एक डोकं कोरून पुरं करायचे, अशी त्यांची आख्यायिका टकरटनला अजून सांगतात. न्हाव्याने त्या ढलप्यांबद्दल काय म्हटलं, ते कुणी सांगत नाही.

आता सीडर. इथे नावांचा मोठा घोळ आहे आणि दुकानात फसायला तो पुरेसा आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरं सीडर म्हणजे आपला देवदार आणि त्याची लेबनॉन, मोरोक्कोकडची भावंडं. अमेरिकेत ज्या झाडांना सीडर म्हणतात ती सगळी सायप्रसच्या कुळातली. लाकडाला वास चांगला, कीड लागत नाही, एवढ्यावरून वसाहतवाल्यांनी ओळखीचं नाव देऊन टाकलं. म्हणजे आमचं लाकूडही एका अर्थी तोतयाच.

बदकाच्या कामाची यात तीन. अटलांटिक व्हाइट सीडर हे पूर्व किनाऱ्याच्या दलदलीतलं झाड, बार्नेगाटवाल्यांचं लाडकं. नॉर्दर्न व्हाइट सीडर हे मेन, मिशिगन आणि कॅनडाकडचं, सर्वांत हलकं पण गाठाळ. वेस्टर्न रेड सीडर पश्चिम किनाऱ्यावरचं, आणि कुठल्याही लाकडाच्या वखारीत मिळतं ते हेच. चौथं एक आहे, ईस्टर्न रेड सीडर: जांभळट लाल रंग, पेटीत ठेवलेल्या कपड्यांना येतो तो वास, पूर्वी पेन्सिली याच्याच व्हायच्या. दिसायला देखणं, पण वजनाला जवळजवळ दीडपट. नवशिका हमखास हेच उचलून आणतो.

आकड्यांत सांगतो. एक फूट लांब, रुंद, उंच असा वाळलेला ठोकळा धरा. अटलांटिक व्हाइट सीडरचा साधारण २३ पौंड भरेल. देवदाराचा ३५च्या आसपास, सागाचा ४०, शिसवीचा त्याहून जास्त. सागाचं बदक बुडणार नाही, पण पाण्यात इतकं खोल बसेल की खऱ्या बदकांना ते आजारी वाटेल.

हलकं एवढंच हवं असतं तर बाल्सा आहेच. मेरीलँडमधल्या क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ (पेशाने न्हावी, या कलेचा आणि वस्तऱ्याचा काहीतरी संबंध आहे खास) दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक पडलेला बाल्साही वापरत. पण बाल्साला ओल सोसत नाही, टोचलं की खड्डा पडतो. सीडरच्या गाभ्यात जे नैसर्गिक द्रव्य असतं ते बुरशीला विषासारखं. रंग उडाला, चीर पडून पाणी शिरलं, तरी लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही. शिवाय ते आकुंचनही कमी पावतं, आणि धार लावलेल्या सुरीखाली लोण्यासारखं नाही तरी कच्च्या पपईसारखं नक्की कापलं जातं. स्पर्धेसाठी एकेक पीस कोरणारे हल्ली ट्युपेलो नावाच्या घट्ट, पांढऱ्या लाकडाकडे गेले आहेत, कारण सीडरवर तितकं बारीक काम धरत नाही. पाण्यात सोडायच्या बदकाला मात्र सीडरच.

चिखलातलं झाड

अटलांटिक व्हाइट सीडर दलदलीत, एकमेकांना खेटून वाढतं. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स नावाच्या रानात होडी घेऊन गेलात तर पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसेल. पानापाचोळ्याचा अर्क आणि जमिनीतलं लोह यांनी ते तसं होतं आणि लोक त्याला ‘सीडर वॉटर’च म्हणतात. दाटीमुळे झाडं उजेडासाठी सरळ वर जातात, खालच्या फांद्या लवकर गळतात. हे लक्षात ठेवा, निवडताना उपयोगी पडेल.

याच राज्यात डेनिसव्हिल गावाजवळ १९व्या शतकात सीडरच्या खाणी होत्या. खाणीच म्हणायचं, कारण शेकडो वर्षांपूर्वी पडून दलदलीच्या चिखलात गाडले गेलेले ओंडके लोक खणून काढत आणि त्यांच्या छपरावर घालायच्या लाकडी चिपा फोडत. लांब लोखंडी सळई चिखलात खुपसत जायचं. खाली ओंडका लागला की त्याची लांबी-रुंदी सळईनेच चाचपायची. मग एक ढलपी वर काढून तिचा वास घ्यायचा. झाड जिवंत असताना वाऱ्याने मुळासकट पडलंय की आधी उभ्या उभ्या सडून मग मोडलंय, हे जाणकार त्या वासावरून सांगत. पहिल्या प्रकारचा ओंडका चांगला, दुसऱ्या प्रकारावर मेहनत वाया. इतकी वर्षं चिखलात राहून लाकूड शाबूत, कारण तिथे हवाच पोचत नाही. हवा नाही तर बुरशी नाही. (साठवणीचा अर्धा धडा यातच आहे. लाकूड पूर्ण बुडालेलं असलं तरी टिकतं, पूर्ण कोरडं असलं तरी टिकतं. मधल्या अवस्थेत कुजतं.)

हे लाकूड आता सहज मिळत नाही. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट डिस्मल दलदलीत उरलेली सीडरची राई २००३च्या इसाबेल वादळाने आडवी केली आणि २००८ आणि २०११च्या वणव्यांनी तिथली नवी रोपंही जाळली. इकडे किनाऱ्यालगत समुद्राचं खारं पाणी दलदलीत शिरतंय आणि झाडं उभ्या उभ्या वाळून पांढऱ्या सांगाड्यांची जंगलं होताहेत. उगवलेलं रोप हरणं खातात ते वेगळंच. म्हणून एखादा ओंडका हाती लागला तर तो नीट निवडावा आणि त्याहून नीट ठेवावा. मी दोन्ही केलं नव्हतं.

ओंडक्याचं तोंड वाचणं

ओंडका विकत घेताना बहुतेक जण त्याची साल बघतात. बघायचं ते कापलेलं तोंड. मला हे शिकवलं टकरटनला दर सप्टेंबरच्या शेवटी भरणाऱ्या डिकॉयच्या जत्रेत भेटलेल्या एका आजोबांनी. जन्म खाडीत शिंपले काढण्यात गेलेला, हात फणसाच्या सालीसारखे. मी त्यांच्यासमोर एक ओंडका मोठ्या कौतुकाने धरला. त्यांनी तो उलटा करून तोंडावर थुंकी लावली, अंगठ्याने चोळलं, आणि परत दिला. “चुलीत घाल.”

थुंकी लावल्यावर वाढीची वलयं उठून दिसतात, आणि त्यांच्यामधल्या बारीक भेगाही. वलयांच्या कडेकडेने चंद्रकोरीसारखी जाणारी भेग असेल तर तो ओंडका सोडून द्यायचा. वाऱ्याने झाड वर्षानुवर्षं हेलकावे खातं तेव्हा दोन वलयं एकमेकांपासून सुटतात. नॉर्दर्न व्हाइट सीडरमध्ये हा दोष फार. ही भेग ओंडक्यात किती आत गेलीय ते बाहेरून कळत नाही. अर्धं बदक कोरून झाल्यावर एक पापुद्रा कांद्यासारखा सुटून हातात येतो, तेव्हा कळतं. मधोमधून सालीकडे गेलेली भेग तितकी वाईट नाही. ती सुकतानाची आहे आणि तिला टाळून कापता येतं.

मग वलयांची रुंदी. ती सगळीकडे सारखी हवी. प्रत्येक वलयात वसंतातली फिकट, मऊ पट्टी आणि उन्हाळ्याच्या अखेरची गडद, कडक पट्टी असते. दोघींच्या कडकपणात फरक जितका जास्त तितकी पटाशी धक्के खात चालते: मऊ भागात घुसते, कडक भागावर अडते. सँडपेपर मारला की मऊ भाग जास्त झिजतो आणि बदकाच्या अंगावर वाळूत लाटेच्या खुणा उमटाव्यात तशा वळ्या येतात. वेस्टर्न रेड सीडरमध्ये हा त्रास जास्त, अटलांटिकमध्ये कमी. मध्यबिंदू एका बाजूला सरकलेला असेल, म्हणजे एका अंगाला वलयं रुंद आणि दुसऱ्याला चिंचोळी, तर ते झाड कललेलं वाढलंय. असं लाकूड आतून ताणलेलं असतं, आणि करवत घातली की वाकतं.

बाहेरचा फिकट भाग आणि आतला तांबूस गाभा यांतला फरकही तोंडावरच दिसतो. कीड-बुरशीला दाद न देण्याचा गुण फक्त गाभ्यात असतो. फिकट भाग जिवंत झाडात पाणी वाहायचं काम करतो, तो कुजतो आणि ओलाही प्रचंड असतो. पाण्यात जाणाऱ्या बदकात तो शक्यतो नकोच. उलट गाभ्यात मधोमध बोटाने खरवडून बघा. भुसा निघत असेल तर आतून सड सुरू झालीय. म्हाताऱ्या नॉर्दर्न सीडरचे खोड पोकळ निघण्याची शक्यता बरीच असते.

एवढं झाल्यावर ओंडका बाजूने बघायचा. सालीवरच्या रेघा सरळ खाली येताहेत की झाडाभोवती पीळ घेताहेत? पीळ असेल तर लाकूड सुकताना तसंच पिळणार. गाठी मोजायच्या. जिवंत फांदीची गाठ लाकडाशी एकजीव असते; मेलेल्या फांदीची गाठ भोवती काळी कड घेऊन बसते आणि सुकल्यावर बुच सुटावं तशी निखळते. पोटाच्या बाजूला एखादी बारीक गाठ चालते, पाठीवर नको. शिवाय गाठीतला अर्क रंगातून वर येतो आणि पांढऱ्या पिसांवर चहा सांडल्यासारखा डाग पडतो. तिथे रंगाआधी शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेच्या पॉलिशचा, हात द्यावाच लागतो.

डोक्यासाठी वेगळा तुकडा निवडतात आणि त्याचं कारण चोच. लाकडाचा तंतू चोचीच्या लांबीत जायला हवा. आडवा गेला तर चोच बिस्किटासारखी मोडते. बदक चुकून जमिनीवर पडलं तर हे एका धक्क्यातच कळतं.

जुने विजेचे खांब कधी कधी सीडरचे असतात आणि फुकटही मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांना क्रिओसोट किंवा तसलंच विषारी द्रव्य पाजलेलं असतं. नवं सीडरही निरागस नाही: वेस्टर्न रेडच्या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लामुळे त्यावर रोज काम करणाऱ्यांना दमा जडतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. मास्क लावा. वास छान येतो म्हणून तो छातीत भरून घेऊ नका.

भेग का पडते

चांगला ओंडका मिळाला. आता तो फुटणार आहे. फुटेल की नाही हा प्रश्नच नाही, कुठे फुटेल हे ठरवणं एवढंच आपल्या हातात.

लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत, भांड्यात असावं तसं. दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं, भिजवलेल्या डाळीत असतं तसं. कापल्यावर आधी पोकळीतलं जातं. तोवर लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २८–३० टक्के इतकं पाणी उरलं की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतीतलं पाणी जायला लागतं. आकुंचन सुरू होतं ते इथून पुढे.

टक्का कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, त्यामुळे तो शंभराच्या वरही जातो. ताज्या वेस्टर्न रेड सीडरच्या गाभ्यात साधारण ५८ टक्के पाणी असतं, तर बाहेरच्या फिकट भागात २५०च्या आसपास. म्हणजे एक किलो लाकडात अडीच किलो पाणी.

आता खरी गोम. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. मध्यापासून सालीकडे, अटलांटिक व्हाइट सीडर ओल्यापासून हाडासारखं कोरडं होईपर्यंत सुमारे २.९ टक्के आकसतं. वलयांच्या दिशेने, म्हणजे परिघात, सुमारे ५.४ टक्के. परीघ त्रिज्येच्या जवळपास दुप्पट वेगाने लहान होऊ पाहतो. एक फूट जाडीचा ओंडका घ्या. परीघ ३८ इंचांच्या आत-बाहेर. घरातल्या कोरड्या हवेला येईपर्यंत परिघाला अर्ध्या इंचाहून जास्त लाकूड कमी पडतं. वाढलेल्या पोटावर जुना सदरा घातला की काय होतं? एक बटण तुटतं. ओंडक्याचं तुटणारं बटण म्हणजे सालीपासून गाभ्यापर्यंत जाणारी भेग.

उपाय सदरा आधीच उसवण्याचा. ओंडका आणल्यावर तो मधल्या भेंडातून (म्हणजे ऐन मध्यातल्या मऊ गरातून) उभा फाडायचा, दोन किंवा चार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला आकसायला मोकळी बाजू मिळते. ज्या ठोकळ्यात भेंड अख्खं राहिलंय तो भेगाळणार म्हणजे भेगाळणार. माझ्या मॅलार्डच्या पोटात भेंड होतं. छान गोल ओंडका, बदकाच्याच आकाराचा, कापायला कमी, असं वाटून मी तो अख्खा घेतला होता.

पोकळ बदकांचा फायदाही इथे कळतो. पाऊण इंच जाडीची भिंत आतून-बाहेरून सारखी सुकते, ताण साठतच नाही. दोन फळ्या चिकटवताना मी सालीकडच्या बाजू आत, एकमेकींसमोर ठेवतो. फळी सुकते तशी तिच्या कडा सालीकडच्या बाजूला वळतात. त्या आत असल्या की कडा एकमेकींवर दाबल्या जातात. मध्ये फट पडू पाहते, पण मध्ये आपण लाकूड ठेवलेलंच नसतं.

ठेवणं

ताज्या ओंडक्याला घरी नेण्याआधीच दोन्ही तोंडांना लेप द्या. लाकडाच्या नळ्या लांबीत असतात, त्यामुळे तोंडातून पाणी बाजूंपेक्षा १० ते १५ पट वेगाने निघून जातं. तोंड आधी सुकतं, आकसू बघतं, मागचं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, आणि एका उन्हात तोंडावर चांदणीसारख्या भेगा उमटतात. मेणाचं द्रावण विकत मिळतं. नसेल तर उरलेला घराचा रंग, दोन-तीन जाड हात. “संध्याकाळी लावतो” म्हणू नये. साल काढून टाकावी. तिच्याखाली किडे घर करतात.

फाडलेले तुकडे रचायचे ते हवा खेळेल असे. जमिनीपासून दीड फूट वर दोन आडवे वासे, त्यावर पहिला थर, थराथरात एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या. या पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत हव्यात. खालची इकडे आणि वरची तिकडे झाली तर वजनाने फळीला झोळ पडतो आणि तो तसाच सुकतो. वर पत्रा, बाजू उघड्या. सावली हवी, वारा हवा, ऊन नको.

मी काय केलं होतं? पावसाने भिजू नये म्हणून ओंडका प्लास्टिकच्या ताडपत्रीत गच्च गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवला. तीन आठवड्यांनी उघडला तर आत बाळंतिणीच्या खोलीसारखा उबारा आणि ओंडक्यावर हिरवट-काळी लव. बुरशी घासून काढली, मग घाबरून तो ओंडका थेट घरात आणून ठेवला. म्हणजे आधी पाणी बाहेर जाऊच दिलं नाही आणि मग एकदम घाईने हाकललं. वरचं कातडं सुकलं, आतला गाभा ओला राहिला, आणि मी त्यावर कोरायला बसलो.

किती दिवस ठेवायचं? इंचाला एक वर्ष, असं सगळे सांगतात. सीडर हलकं असल्याने बरेचदा त्याआधी सुकतं, पण चार इंची ठोकळ्याला दोन वर्षं तरी द्यावीत. भट्टीत सुकवलेल्या फळ्या मिळतात, दोन इंचांपर्यंत त्या उत्तम. जाड ठोकळे भट्टीत घाईने सुकवले की पुन्हा तीच गत, बाहेरून कडक आणि आतून ओले.

अंदाजावर राहायचं नसेल तर तराजू घ्या. ठोकळ्यावर तारीख आणि वजन लिहून ठेवायचं, महिन्याने पुन्हा वजन करायचं. दोन-तीन महिने काटा हलला नाही म्हणजे लाकूड तिथल्या हवेशी जुळलं. नेमका टक्का हवा असेल तर मधून (तोंडाजवळचा नको) एक पातळ काप काढा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसला ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजा. काप ६० ग्रॅमचा ५० झाला तर पाणी १० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या २० टक्के, अजून थांबा. ८ ते १२च्या दरम्यान आलं की कोरायला घ्या. आमच्या घरी हा प्रयोग एकदाच झाला. दुसऱ्या दिवशीच्या नानकटाईला सीडरचा वास आला आणि त्यानंतर मला पन्नास डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन देण्यात आलं. ते चांगलं आहे, पण त्याच्या सुया जेमतेम पाव इंच आत जातात. नुसत्या पृष्ठभागावर विश्वास ठेवण्यात मी एकदा पोळलोय, म्हणून तुकडा कापून ताज्या तोंडावर सुया टोचतो.

‘तिथल्या हवेशी जुळलं’ हे शब्द महत्त्वाचे. पावसाळ्यात आपल्याकडे दारं फुगतात, लाथ मारल्याशिवाय लागत नाहीत, आणि दिवाळीनंतर तीच दारं सैल होतात. लाकूड कधीच कायमचं सुकत नाही, ते हवेशी देवघेव करत राहतं. ८० टक्के दमट हवेत त्यात साधारण १६ टक्के पाणी टिकतं. हिवाळ्यात हीटरने कोरड्या झालेल्या इथल्या घरात ६ टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणून शेडमध्ये दोन वर्षं मुरलेला ठोकळाही मी कोरण्याआधी महिनाभर घरात आणून ठेवतो, त्यातही पहिले काही दिवस तळघरात, मग वर. आमच्या कोकणातल्या घरी आजोबा नांगराचं लाकूड चुलीवरच्या माळ्यावर टाकून ठेवत. वर्षभराच्या धुराने ते काळं पडायचं, पण पावसाळ्यातही दमट व्हायचं नाही आणि कीडही फिरकायची नाही. लहानपणी वाटायचं, जागा नाही म्हणून तिथे ठेवलंय.

सावंतवाडीला चितारी मंडळी लाकडी फळं करतात, त्यासाठी पांगारा वापरत आले आहेत. तेही असंच हलकं, मऊ लाकूड. पुढच्या वेळी गेलो की ते लोक पांगारा कसा सुकवतात हे नीट बसून विचारायचं आहे. आजवर तिथे जाऊन मी फक्त आंबे आणि केळी विकत घेतली, लाकडाची.

शेडमध्ये सध्या सात ठोकळे आहेत, सगळे भेंडाच्या बाहेरचे. त्यातला एक अटलांटिक व्हाइट, त्या आजोबांनीच दिलेला, तोंडावर हिरव्या रंगाचा लेप, कारण त्यांच्याकडे तेवढाच डबा उघडा होता. मागच्या महिन्यात तो पाच पौंड बारा औंस भरला होता. काल केला तर पाच पौंड अकरा.